कोपऱ्यावरच्या कॅरिबियन दुकानात जेवायला जाताना

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला थाई, मेक्सिकन, अगदी इथिओपियन जेवणापर्यंत कुणी ना कुणी घेऊन जातं. कॅरिबियन दुकानासमोरून मात्र तो वर्षानुवर्षं नुसता ये-जा करतो. बाहेरून काही कळत नाही हे एक कारण. काचेवर उन्हाने फिके पडलेले पदार्थांचे फोटो, आत जेमतेम दोन-तीन टेबलं, काउंटरमागे वाफाळते ट्रे आणि भिंतीवर अर्धाअधिक पुसलेला फलक. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. फलकावर करी, रोटी, चना, आलू, गीरा असले शब्द दिसतात आणि वाटतं, हे तर आपलंच, इथे कशाला खायचं?

इथेच गल्लत होते. या जेवणातलं अनोळखी फारसं त्रास देत नाही. ओळखीचं वाटतं ते चकवतं. 'करी' म्हणून आपल्या रश्श्याची चव शोधत बसाल तर हात हलवत परत याल. तेव्हा घरच्या चवीचं माप दाराबाहेर ठेवायचं आणि पुढचं एकेक पाहत जायचं.

दुकान कुठलं, ते आधी ओळखा

'कॅरिबियन' नावाचा एकच एक स्वयंपाक नाही. भिंतीवरचा झेंडा बघा. काळा-हिरवा-सोनेरी म्हणजे जमैका. लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या कडांचा काळा तिरपा पट्टा म्हणजे त्रिनिदाद. हिरव्यावर पिवळा-लाल त्रिकोण म्हणजे गयाना. हा देश दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, पण खाण्यापिण्याने आणि इतिहासाने कॅरिबियनच. निळा-लाल दिसला तर हैती, आणि तिथला मेन्यू पूर्ण वेगळा.

झेंड्यावरून पानात काय येणार हे बरंचसं ठरतं, आणि त्याला कारण आहे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली. पहिली जहाजं १८३८च्या मे महिन्यात गयानाला लागली. त्रिनिदाद आणि जमैकाला १८४५च्या मे महिन्यात. ही भरती १९१७मध्ये थांबली. तोवर गयानात सुमारे दोन लाख चाळीस हजार, त्रिनिदादमध्ये एक लाख चाळीस हजारांच्या वर, तर जमैकात जेमतेम छत्तीस हजार माणसं पोचली होती. बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. त्यामुळे त्रिनिदादी किंवा गयानीज दुकानात रोटी हाच जेवणाचा कणा असतो. जमैकन दुकानात करी आहे, पण ती सगळ्यांची झालेली करी. शेजारी जर्क (मसाला चोळून धुरावर भाजलेलं मांस), ब्राऊन स्ट्यू (तपकिरी रस्सा), ऑक्सटेल (गाय-बैलाची शेपटी) यांचं राज्य.

न्यूयॉर्कमध्ये कुठे जायचं? रोटीसाठी क्वीन्समधलं रिचमंड हिल. 'ए' ट्रेन लेफर्ट्स बुलेवार्डच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत घ्या. खाली उतरलात की लिबर्टी अव्हेन्यू, आणि दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं, पूजेचं सामान, बेकऱ्या, रोटी शॉप्स. जमैकन आणि बाकी बेटांसाठी ब्रुकलिनमधलं फ्लॅटबुश: '२' किंवा '५' नंबरच्या गाडीने चर्च अव्हेन्यू. टोरंटोत असाल तर एग्लिंटन वेस्ट, लंडनमध्ये ब्रिक्स्टन. रीत सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच.

घड्याळ आणि वार

मेन्यूकार्डावर चाळीस पदार्थ असले तरी त्या क्षणी शिजलेले दहाच असतात. हे दुकान फलकावरून नव्हे, ट्रेवरून वाचायचं.

सकाळी सात ते दहा ही जमैकन न्याहारीची वेळ: आकी हे फळ आणि खारवलेला मासा म्हणजे आकी अँड सॉल्टफिश, कॅलालू नावाची पालेभाजी, मक्याच्या पिठाची किंवा शेंगदाण्याची लापशी. त्रिनिदादी दुकानात सकाळ म्हणजे डबल्स (तळलेल्या मऊ पुऱ्या आणि चना) आणि साडा म्हणजे साध्या रोटीबरोबर बैगन चोका किंवा टोमॅटो चोका, म्हणजे भाजून केलेलं भरीत. दुपारी बारा ते दीड हा सगळ्यांत चांगला काळ. ट्रे भरलेले, भात मोकळा, आणि रांग हलती. तीनपर्यंत ऑक्सटेल संपलेलं असतं, चारनंतर जे उरतं ते कडेने सुकायला लागतं. रात्री आठला जाऊन 'काही खास नव्हतं' असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

शनिवार सूपचा. जमैकन घरात शनिवारी सूपच होतं, म्हणून दुकानातही भोपळ्याच्या रंगाचं, कंद आणि कणकेचे गोळे घातलेलं दाट सूप मिळतं. गयानीज दुकानात शनिवारी कुक-अप राइस बघा: भात, कडधान्य, नारळाचं दूध आणि मांस, सगळं एकाच भांड्यात. रविवारी त्रिनिदादी दुकानात मॅकरोनी पाय (चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेली मॅकरोनी), स्ट्यू चिकन आणि कॅलालू असा घरगुती बेत असतो.

काउंटरवर कसं वागायचं

आत शिरल्याबरोबर आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून'. कुणा एकाला नव्हे, सगळ्या दुकानाला. हे न करता थेट 'हाऊ मच इज द चिकन' सुरू केलंत तर उत्तर मिळेल, पण थंड मिळेल. अंधार पडल्यावर आत येणारा माणूस 'गुड नाइट' म्हणतो. निघताना नव्हे, येताना. दचकू नका, तुम्हीही म्हणा.

आपली पाळी येण्याआधी रांगेत उभं राहून ट्रे बघून ठेवायचे. नंबर आला की 'व्हॉट्स रेडी?' एवढं विचारलं तरी काउंटरमागच्या बाई घडाघडा नावं सांगतील. मग प्रश्न येतात, भराभर आणि ठरलेल्या क्रमाने. डबा लहान, मध्यम की मोठा? पहिल्यांदा लहानच घ्या, त्यात दोन वेळचं होतं. राइस अँड पीज की साधा भात? राइस अँड पीजच घ्या. यात वाटाणे नसतात, राजमा असतो, आणि भात नारळाच्या दुधात थाइम हा सुवासिक पाला, पातीचा कांदा घालून शिजवलेला असतो. ग्रेव्ही? हो म्हणायचं, पण कुठली ते विचारून. याचं कारण पुढे येतं. कोबी की सॅलड? कोबी, वाफवलेला.

थोडी रोकड खिशात असू द्या, काही ठिकाणी कार्ड चालत नाही. बाईंनी 'डार्लिंग' किंवा 'स्वीटहार्ट' म्हटलं तर ते सगळ्यांनाच म्हणतात. प्रत्येक ट्रेची चव मागत बसू नका. मागे जेवणाच्या सुट्टीत आलेली नर्स आणि बस ड्रायव्हर उभे असतात.

पहिल्यांदा काय खावं

सुरुवात डबल्सने करा. स्वस्त आहे, शाकाहारी आहे, आणि उभ्याने पाच मिनिटांत संपतं. १९३०च्या दशकात दक्षिण त्रिनिदादमधल्या प्रिन्सेस टाऊनमध्ये हा पदार्थ सुरू झाला आणि आज बेटावर तो जातपात-धर्म न बघता सकाळी सगळे खातात. ब्रुकलिनमधल्या ए अँड ए बेक अँड डबल्स या छोट्या दुकानाला २०१९मध्ये अमेरिकन खाद्यजगतात मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बियर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला, तो मुख्यतः याच जोरावर.

डबल्स बांधताना बघण्यासारखं असतं. हातावर बटर पेपर, त्यावर एकावर एक सरकवलेले दोन 'बारा', म्हणजे मऊ पुऱ्या: मैदा, यीस्ट आणि हळद घालून भिजवलेल्या सैल पिठाचे, तेलाच्या हाताने थापून काही सेकंदच तळलेले, म्हणून कुरकुरीत नव्हे तर लुसलुशीत. त्यावर पळीभर पातळसर चना. मग चार-पाच बाटल्यांतून थेंब-थेंब: चिंच, काकडी, कैरीचा तिखट कीस म्हणजे कुचेला, शाडो बेनी या कोथिंबिरीच्या वासाच्या पाल्याची हिरवी चटणी आणि शेवटी मिरचीचा सॉस. कागदाची दोन टोकं धरून एक गिरकी आणि पुडी तुमच्या हातात. हे सगळं व्हायला एक श्वास पुरतो. इथे तुम्हाला एकच शब्द बोलायचा असतो, तिखट किती ते. 'स्लाइट' म्हणजे नावापुरतं. पहिल्यांदा 'स्लाइट'च म्हणा.

खायचं कसं? पुडी तळहातावर उघडा. वरच्या बाऱ्याचे तुकडे तोडून त्याने चना उचला. तोवर खालचा बारा रस पिऊन बसलेला असतो. तो शेवटी दुमडून एका घासात. चमचा मागू नका. नॅपकिन मात्र आधीच घेऊन ठेवा, नंतर हात मोकळे नसतात.

दुसरी पायरी रोटी. जेवणाचे मुख्य प्रकार दोन, आणि फरक समजून घेणं भागच आहे. ढालपुरी म्हणजे मऊ मोठी रोटी, आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं कोरडं, जिरं-लसूण घातलेलं भरड सारण. पुरणपोळी करणाऱ्या हाताला ही जमायला दुसरा दिवस लागणार नाही. करी भरून तिची चौकोनी गुंडाळी करतात. दुसरी पराठा रोटी, जिला बस-अप-शट म्हणतात: भरपूर तूप-लोणी लावून पदर पाडलेली, तव्यावरच लाकडी पट्ट्यांनी झोडून चिंध्या केलेली. ही करीबरोबर बाजूला येते आणि हातानेच खायची. प्रवासात खायचं असेल तर ढालपुरीची गुंडाळी, टेबल मिळालं तर बस-अप-शट. गुंडाळीत चिकन किंवा बकरा मागवलात तर 'बोनलेस?' असं आधी विचारा. बऱ्याच दुकानांत हाडांसकट भरतात, आणि ते कळेपर्यंत दात पोचलेला असतो.

करी गोट हा आपल्या लोकांनी नक्की खावा असा पदार्थ. अमेरिकन दुकानात बकऱ्याचं मटण सहज मिळत नाही, मेंढीच मिळते. इथे मात्र बकराच, हाडांसकट तोडलेला. पण रस्सा वेगळा. खोबऱ्याचं वाटण नाही, गरम मसाल्याचा काळेपणा नाही. जमैकन करी पावडरीत हळद जास्त, मिरची जवळजवळ नाही, ऑलस्पाइस हा मिरीसारख्या दाण्यांचा मसाला असतो. शिवाय ताजं थाइम आणि पातीचा कांदा. पहिला वास थाइमचा येतो, आणि दाटपणा हाडांतून, बटाट्यातून येतो. त्रिनिदादमध्ये पावडर पाण्यात कालवून गरम तेलात परतून घेतात, रंग गडद होतो, आणि शेवटी भाजलेल्या जिऱ्याची पूड पडते. मला स्वतःला त्रिनिदादी हात जास्त आवडतो, पण जमैकन करी गोटचं हाड चोखण्यातलं सुख काही और आहे.

जर्क चिकनबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेक ठिकाणी ओव्हनमधलंच असतं. खरं जर्क म्हणजे ऑलस्पाइसच्या झाडाच्या लाकडावरचा धूर. फुटपाथवर उभा चिरलेला लोखंडी पिंप धुमसत असेल तर डोळे मिटून जर्क घ्या. नसेल तर ब्राऊन स्ट्यू चिकन: गरम तेलात साखर काळपट तांबडी होईतो जाळून त्यात कोंबडी परततात, आणि त्या जळक्या साखरेचा कडवट गोडवा सगळ्या रश्श्यात उतरतो. मळ्यांवरच्या साखरेने या स्वयंपाकाला रंगही दिला तो असा.

आकी अँड सॉल्टफिश हा जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ. आकी हे फळ, पण शिजल्यावर अंड्याच्या भुर्जीसारखं दिसतं. चव बेताची, लोण्याकडे झुकणारी. कच्चं आकी विषारी असतं, म्हणून अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलंच येतं, आणि म्हणून ही न्याहारी महाग पडते. बरोबर निरफणसाचे तुकडे मिळतात का ते विचारा. कोकणात आपण ज्याचे काप करतो तोच हा. कॅप्टन विल्यम ब्लाय याने १७९३मध्ये तो पॅसिफिकमधून जमैकाला आणला, गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. आज तिथे तो अख्खा विस्तवावर भाजून खातात.

अशी ओळखीची झाडं-पानं बरीच भेटतील. जमैकन कॅलालू म्हणजे माठाची पालेभाजी. त्रिनिदादी कॅलालू म्हणजे अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध घोटून केलेलं. नाव एक, पदार्थ दोन, त्यामुळे मागवताना दुकान कुठलं ते विसरू नका. पेलाव या भातातले 'पिजन पीज' म्हणजे तुरीचे दाणे. बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा.

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांसाठी

हा भाग नीट वाचा, कारण चूक इथेच होते. ऑक्सटेल म्हणजे गाय-बैलाची शेपटी. ती शिजून चकाकती तपकिरी ग्रेव्ही तयार होते, आणि ती इतकी लाडकी आहे की चिकन मागणाऱ्याच्या भातावरही पळीभर पडते. तुम्ही 'चिकन' म्हणालात म्हणजे डब्यात गोमांस नाही असं गृहीत धरू नका. 'नो ऑक्सटेल ग्रेव्ही, चिकन ग्रेव्ही प्लीज' हे भात वाढण्याआधी सांगायचं. पॅटी म्हणजे करंजीसारखी सारण भरलेली भाजकी पारी; नुसतं 'पॅटी' म्हटलं की बीफ पॅटी येते. व्हेजिटेबल पॅटीतही वरच्या पारीत प्राण्याची चरबी असू शकते, विचारा. 'स्ट्यू पीज' हे नाव निष्पाप वाटतं, पण राजम्याच्या त्या रश्श्यात खारवलेलं डुकराचं शेपूट किंवा बीफ असतं. राइस अँड पीज आणि कॅलालूमध्येही कुणी कुणी खारं मांस, खेकडा किंवा सॉल्टफिश घालतात.

पूर्ण शाकाहारी माणसाने सरळ त्रिनिदादी-गयानीज दुकान गाठावं. डबल्स, आलू पाय (बटाटा भरून तळलेली पारी), डाळीच्या पिठाची गोल भजी म्हणजे फुलौरी, अळूच्या पानांची सहीना, भोपळा किंवा चना-आलू भरलेली ढालपुरी, जेवण झालं. जमैकन बाजूला 'आयटल' अशी पाटी शोधा. रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक पंथाच्या लोकांचा हा स्वयंपाक मांसाविना असतो, मीठही बेतानेच; नारळाच्या दुधातल्या भाज्या-कडधान्यं उत्तम मिळतात. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. काही त्रिनिदादी-गयानीज दुकानांवर हलालची पाटी असते. तिथे डुकराचा प्रश्न मिटतो, बीफचा नाही.

मिरची

'आम्ही कोल्हापूरचे' हे वाक्य काउंटरवर उच्चारू नका. स्कॉच बॉनेट ही गोल, चुरमुडलेली पिवळी-केशरी मिरची एक लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिलची असते (स्कोव्हिल हे तिखटपणा मोजायचं एकक). तिची गंमत म्हणजे आधी फळासारखा गोड वास येतो, जीभ बेसावध होते, आणि तिखट मागाहून चढतं. दुकानातला पिवळा सॉस मोहरीमुळे पिवळा दिसतो, तो सौम्य समजून ओतू नका. भाताच्या एका कोपऱ्यावर थेंब टाकायचा, एक घास, मग दोन मिनिटं थांबायचं. भातात अख्खी मिरची सापडली तर ती बाजूला काढून ठेवा. ती वासासाठी घातलेली असते, फोडून खाण्यासाठी नव्हे.

पेय आणि गोड

सॉरेल घ्या, विशेषतः डिसेंबरात. गडद लाल, आलं-लवंग घातलेलं हे सरबत अंबाडीच्या बोंडांचं असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ते लगेच कळेल. जमैकन जिंजर बिअर नावाला बिअर, पण तिखट आल्याचीच. टिंग हा ग्रेपफ्रूटचा सोडा जर्कबरोबर छान जातो. मॉबी मात्र झाडाच्या सालीचा कडू काढा आहे. आवडणाऱ्यांना तो प्राणाहून प्रिय, मी त्यांच्यातला नाही. गयानीज बेकरीत अननसाच्या सारणाचा पाइन टार्ट आणि लाल रंगाच्या खोबऱ्याची गुंडाळी, सलारा, एकेक घेऊन बघा.

घरी नेताना

डबल्स घरी नेऊ नका, दहा मिनिटांत लगदा होतो. आलू पाय आणि फुलौरी चालतात. चटणी वेगळी मागा. ढालपुरीवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून तव्यावर गरम करा, कोरडी भाजलीत तर सारण भुरभुर सांडेल. करी गोट दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं; फ्रिजमध्ये रस्सा घट्ट गोठतो, तो पातेल्यात थोडं पाणी घालून मंद आचेवर सोडवावा. मायक्रोवेव्हमध्ये मांस चिवट होतं. जर्क चिकन उरवूच नये.

ब्लॅक केक हवा असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच बेकरीत नाव नोंदवा. सुका मेवा महिनोन्‌महिने रममध्ये भिजवून, वाटून केलेला हा काळाभोर केक. रम नावापुरती नसते, तेव्हा मुलांना देताना विचार करा. नाताळच्या आदल्या दिवशी नुसतेच गेलात तर लिबर्टी अव्हेन्यूवर रांग फुटपाथवर आलेली असते, आणि आत जे खोके दिसतात त्यांवर दुसऱ्यांची नावं असतात.